आकाशातील सोबती

मुंबईच्या पश्चिमेस, जुहूच्या समुद्रकिनाऱ्यापासून जवळच एक जुना विमानतळ आहे. आज त्याच्या चोहोबाजूंनी उंच इमारती उभ्या आहेत आणि तेथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा चालते. परंतु १९२८ साली हे स्थळ म्हणजे एक मोकळे, सखल मैदान होते. पावसाळा सुरू झाला की त्यात चिखल होई आणि विमानांची चाके रुतून बसत. अशा या साध्या मैदानावर भारतातील नागरी विमानविद्येने आपली पहिली पावले टाकली. त्याच वर्षी मुंबई फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. दिल्ली, कलकत्ता आणि कराची या शहरांतही त्याच सुमारास असे क्लब निघाले.

फ्लाइंग क्लब म्हणजे उड्डाणाची हौस असणाऱ्या लोकांचे मंडळ होय. ज्याप्रमाणे पोहण्याची आवड असणारे लोक एकत्र येऊन तलाव बांधतात व शिकवणारा नेमतात, त्याचप्रमाणे येथे सभासद वर्गणी देतात, क्लब विमाने बाळगतो, शिक्षक व यंत्रज्ञ नेमतो आणि शिकू इच्छिणाऱ्याला उड्डाण शिकवतो. एकट्याने विमान विकत घेणे फारच थोड्यांना शक्य असते. पण दहांनी मिळून एक विमान वापरावे, हे शक्य होते. प्रवासी विमान हे लोकांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्यासाठी असते. क्लबाचे विमान मात्र बहुधा ज्या मैदानावरून उडते त्याच मैदानावर परत उतरते. त्याची खरी मिळकत म्हणजे शिकणाऱ्याच्या अंगी येणारे कौशल्य.

त्या काळी क्लबांत जे विमान सर्वांच्या परिचयाचे होते, त्याचे नाव जिप्सी मॉथ. मॉथ म्हणजे पतंग. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाचे नाव या विमानाला शोभूनही दिसे. त्याचा सांगाडा लाकडाचा असे व त्यावर ताणून बसवलेले कापड असे. पंखांच्या दोन जोड्या एकावर एक असत आणि त्या उभ्या दांड्यांनी व आडव्यातिडव्या तारांनी एकमेकींशी बांधलेल्या असत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी सुमारे ९ मीटर होती. पुढच्या बाजूस चार सिलिंडरांचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन असे. त्याच्या जोरावर हे विमान ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने जाई. आजची मोटारगाडीही मोकळ्या रस्त्यावर तेवढ्या वेगाने धावू शकते. पंख मागे दुमडण्याची सोय असल्यामुळे ते लहान जागेतही ठेवता येई.

मॉथमध्ये एकामागे एक अशा दोन बैठका असत. डोक्यावर छप्पर नसे. वारा तोंडावर आदळे. म्हणून चामड्याची टोपी आणि डोळ्यांवर जाड चष्मा घालावा लागे. शिक्षक पुढे बसे आणि विद्यार्थी मागे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून दोघांच्या मध्ये एक रबरी नळी असे. तिच्या एका टोकाशी शिक्षक बोले आणि दुसरे टोक विद्यार्थ्याच्या कानाशी असे. शिक्षकाचा राग आणि शाबासकी, दोन्ही त्याच नळीतून येत.

क्लबातील दिवस पहाटे सुरू होतो. ऊन चढले की जमीन तापते, तापलेली हवा वर उसळू लागते आणि लहान विमानाला हिसके बसतात. म्हणून नवशिक्याला सकाळची शांत हवा बरी असते. यंत्रज्ञ विमान बाहेर काढून त्याची तपासणी करतात. तरीही विद्यार्थ्याने स्वतः विमानाभोवती एक फेरी घालून प्रत्येक भाग पाहावा, असा सर्व क्लबांचा नियम आहे. पंखांचे सांधे घट्ट आहेत ना, शेपटाकडील फळ्या मोकळ्या हलतात ना, तेल पुरेसे आहे ना, हे त्याने हात लावून पाहावयाचे असते. पेट्रोलच्या टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून पाहतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते. त्या भांड्यात पाण्याचा थेंब दिसला, तर तो काढून टाकल्यावाचून विमान हलवावयाचे नाही. 'दुसऱ्याने पाहिले असेल' या समजुतीला विमानविद्येत जागा नाही.

त्यानंतर दृष्टी जाते ती मैदानाच्या कडेला उंच काठीवर बांधलेल्या कापडी पिशवीकडे. ही पिशवी दोन्ही तोंडांना उघडी व शेपटाकडे निमुळती असते. वारा जिकडून येतो तिकडे तिचे रुंद तोंड वळते आणि निमुळते टोक वारा जिकडे जातो तिकडे फडफडते. विमान नेहमी वाऱ्याच्या समोर तोंड करून उडवतात आणि उतरवतात. याचे कारण सोपे आहे. विमानाचे पंख किंचित तिरपे असतात. ते हवेतून वेगाने पुढे जाताना हवेला खाली लोटतात व हवा त्यांना वर उचलते. वारा समोरून येत असला की पंखांना हा वेग लवकर मिळतो आणि थोड्या जागेतच विमान जमीन सोडते. पतंग उडवणारा मुलगा वाऱ्याकडे तोंड करून पळतो, तो याच नियमाने.

विमान चालवण्याची साधने मोजकीच असतात. वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडी असते. ती मागे ओढली की विमानाचे नाक वर होते, पुढे ढकलली की खाली होते, आणि बाजूला झुकवली की विमान त्या बाजूला कलते. पायांखाली दोन पट्ट्या असतात. त्यांनी शेपटाचे सुकाणू वळते. डाव्या हाताशी इंजिनाचा वेग कमीअधिक करण्याची मूठ असते. हे सारे समजून घ्यावयास एक सकाळ पुरते. पण हातापायांना त्याची सवय होण्यास अनेक सकाळी लागतात. नवशिका पहिल्या दिवशी दांडी घट्ट आवळून धरतो. शिक्षक त्याला सांगतात की विमान हे हट्टी बैल नव्हे. हलक्या हाताने सांगितलेलेही त्याला कळते.

उडण्यापेक्षा उतरणे अवघड. जमीन जवळ येऊ लागली की वेग हळूहळू कमी करावयाचा, पण फार कमी होऊ द्यावयाचा नाही. कारण ठरावीक वेगाच्या खाली आले की पंख विमानाचा भार पेलू शकत नाहीत आणि विमान एकदम खाली येते. म्हणून विद्यार्थी दिवसामागून दिवस एकच गोष्ट करत राहतो. उडावे, मैदानाला एक फेरी घालावी, उतरावे, पुन्हा उडावे. हे कंटाळवाणे काम ज्याने मन लावून केले, त्याच्या वाट्याला एके दिवशी तो मोठा क्षण येतो. शिक्षक विमानातून खाली उतरतात आणि म्हणतात, "आता एकट्याने एक फेरी घालून या."

एकट्याने केलेले पहिले उड्डाण कोणताही वैमानिक विसरत नाही. समोरची बैठक रिकामी असते. एका माणसाचे वजन कमी झाल्यामुळे विमान पूर्वीपेक्षा लवकर वर चढते, आणि उतरताना जमिनीला टेकण्याआधी थोडे अधिक तरंगते. नळीतून कोणाचाही आवाज येत नाही. वर गेलेल्याला खाली आणण्याचे काम आता त्याचे एकट्याचे असते. विमान सुखरूप टेकले की सारा क्लब त्याचे अभिनंदन करतो आणि त्याच्या नोंदवहीत त्या उड्डाणाची नोंद होते.

जुहूच्या क्लबाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत एक तरुण होते. त्यांचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. लोक त्यांना जे. आर. डी. टाटा या नावाने ओळखतात. राइट बंधूंनी १९०३ साली पहिले उड्डाण केले, त्याच्या पुढल्याच वर्षी, १९०४ मध्ये, पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला होता. लहानपणी फ्रान्समध्ये त्यांनी विमाने जवळून पाहिली होती, आणि पंधराव्या वर्षी एका विमानात बसून फेरी मारली होती. तेव्हापासून उड्डाणाची ओढ त्यांच्या मनात होती. परंतु ती पुरी होण्यास त्यांना जुहूचा क्लब निघेपर्यंत वाट पाहावी लागली. शिक्षकाबरोबर पावणेचार तासांचे उड्डाण झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात देण्यात आलेला तो पहिलाच परवाना होता आणि त्यावर क्रमांक होता १.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. जो हिंदी वैमानिक इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास ठरावीक मुदतीत एकट्याने विमान चालवून प्रथम पुरा करील, त्याला ५०० पौंड मिळणार होते. प्रवास कोणत्याही टोकाकडून सुरू करण्यास मुभा होती. तीन तरुण पुढे आले. मनमोहन सिंग आणि ॲस्पी इंजिनियर हे इंग्लंडहून निघाले. जे. आर. डी. टाटा ३ मे १९३० रोजी कराचीहून निघाले. ॲस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात आर. एन. चावला यांच्यासह कराचीहून इंग्लंडपर्यंत उडत जाण्याचा पराक्रम त्यांनी केलेला होता.

हा प्रवास सोपा नव्हता. मॉथच्या टाकीत मावणारे पेट्रोल काही तासच पुरे. म्हणून वारंवार उतरावे लागे. वाटेत ईराणच्या आखाताचा उजाड किनारा, इराकचे वाळवंट, भूमध्य समुद्र आणि युरोपातील डोंगर होते. जमिनीवरून मार्ग दाखवणारा रेडिओ या विमानांत नव्हता. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि खाली दिसणारी नदी, रेल्वे किंवा किनारा, एवढ्यांच्या आधारावर वाट काढावयाची. एकटा वैमानिक हाच चालक, हाच वाटाड्या आणि बहुधा हाच यंत्रज्ञ.

मनमोहन सिंग कराचीला सर्वांच्या आधी पोहोचले. परंतु वाटेतील अडचणींमुळे त्यांचा प्रवास ठरलेल्या मुदतीत बसला नाही आणि बक्षीस त्यांच्या हातून गेले. आता सामना दोघांत उरला. एक पूर्वेकडून पश्चिमेस चाललेला, दुसरा पश्चिमेकडून पूर्वेस येत असलेला.

या दोघांची गाठ पडली ती इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर या ठिकाणी. जे. आर. डी. तेथे उतरले, तेव्हा दुसरे एक मॉथ विमान तेथे अडकून पडले होते. ते ॲस्पी इंजिनियर यांचे होते. चौकशी केल्यावर कळले, की त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले आहेत आणि त्यांच्याजवळ जादा प्लग नाहीत.

स्पार्क प्लग ही हाताच्या बोटाएवढी लहान वस्तू आहे. इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण जाते, आणि प्लगच्या टोकाशी उडणाऱ्या ठिणगीने ते पेटते. त्या स्फोटाच्या जोरावर इंजिन फिरते. प्लगवर तेलाची काजळी साचली किंवा तो फुटला, की ठिणगी उडत नाही. इंजिन अडखळते आणि शेवटी थांबते. जमिनीवर मोटार थांबली तर माणूस खाली उतरून चालू लागतो. वाळवंटावर किंवा समुद्रावर उडणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून नवे प्लग मिळेपर्यंत ॲस्पी यांना तेथून हलणे शक्य नव्हते.

जे. आर. डीं.जवळ जादा प्लग होते. ते त्यांनी स्वतःच्या प्रवासासाठी बरोबर घेतले होते, आणि त्यांच्या पुढे अजून भूमध्य समुद्र पसरलेला होता. ते काही न बोलता पुढे निघून गेले असते, तरी शर्यतीचा कोणताही नियम मोडला नसता. ॲस्पी तेथेच अडकून राहिले असते आणि बक्षिसाची वाट मोकळी झाली असती. दिलेल्या प्लगमुळे मात्र प्रतिस्पर्धी पुन्हा हवेत जाणार, आपला साठा कमी होणार, आणि कदाचित आपली हार होणार, हे उघड होते.

जे. आर. डीं.नी प्लग दिले. ॲस्पी यांचे इंजिन पुन्हा सुरू झाले. दोघे दोन दिशांना उडाले. जे. आर. डी. पॅरिसला पोहोचले, तेव्हा त्यांना बातमी मिळाली की ॲस्पी कराचीस पोहोचले आहेत. बक्षीस ॲस्पी इंजिनियर यांना मिळाले.

या हारजितीचा हिशोब येथेच संपत नाही. ॲस्पी पुढे हवाई दलात दाखल झाले, एकेक पायरी चढत गेले, आणि १९६० ते १९६४ या काळात ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. जे. आर. डीं.चे उड्डाणही थांबले नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ नावाच्या लहान विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरून ते जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते, ही गोष्ट त्या काळाचे चित्र डोळ्यांसमोर उभे करते. त्या टपाल-उड्डाणातून पुढे एअर इंडिया ही विमानकंपनी उभी राहिली. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास जुन्या पद्धतीच्या लहान विमानातून पुन्हा केला.

क्लबांनी केवळ पुरुषांनाच पंख दिले असे नाही. १९३६ साली लाहोरच्या क्लबात सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या तरुणीने साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने उडवले. त्या वेळी त्यांना चार वर्षांची मुलगी होती. मुंबई फ्लाइंग क्लबात शिकलेल्या आरोही पंडित यांनी २०१९ साली अतिशय हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी जे. आर. डीं.च्या टपाल-उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले. आजच्या विमानात उपग्रहावरून मार्ग दाखवणारी साधने असतात. ती त्यांनी त्या दिवशी वापरली नाहीत. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, नव्वद वर्षांपूर्वीच्या वैमानिकाप्रमाणेच त्या आल्या.

काळाबरोबर क्लबांचे रूप पालटले. जुहूच्या भोवती शहर वाढले. मोठ्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ विमानांना आकाश अपुरे पडू लागले, तेव्हा मुंबई फ्लाइंग क्लबाने उड्डाणाचे शिक्षण धुळ्याच्या विमानतळावर नेले. लाकूड आणि कापड यांची जागा धातूने व नव्या पदार्थांनी घेतली. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आता वयाची सतरा वर्षे पुरी व्हावी लागतात आणि किमान ४० तासांचे उड्डाण करावे लागते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्रांना मायक्रोलाइट नावाच्या हलक्या विमानांतून उड्डाणाचा पहिला अनुभव मिळतो.

तथापि काही गोष्टी पालटलेल्या नाहीत. आजही विद्यार्थी पहाटे विमानाभोवती फेरी घालतो, पेट्रोल काचेच्या भांड्यात धरून पाहतो आणि वाऱ्याची दिशा ओळखतो. आजही वर गेलेल्या प्रत्येकाकडे खाली उभे असलेले सोबती डोळे लावून असतात आणि तो परत येईपर्यंत त्यांना चैन पडत नाही. कारण प्रत्येकाला ठाऊक असते, की आज तो वर आहे, उद्या आपण असू. आकाशात माणूस एकटा असतो, म्हणूनच त्याला जमिनीवरच्या माणसांची किंमत अधिक कळते. अबूकीरच्या वाळूवर एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले ते छोटे प्लग हीच गोष्ट सांगतात. त्या शर्यतीत बक्षीस एकालाच मिळाले. परंतु लोक आजही नाव घेतात ते दोघांचे.

अभ्यास

१. फ्लाइंग क्लब म्हणजे काय? क्लबाचे विमान व प्रवासी विमान यांतील फरक सांगा.
२. उड्डाणापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः विमान का तपासावे? तो कोणकोणत्या गोष्टी पाहतो?
३. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून का उडवतात? पतंगाचे उदाहरण देऊन लिहा.
४. अबूकीर येथे जे. आर. डी. टाटा यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला? त्यांनी प्लग दिले नसते तर काय झाले असते?
५. 'त्या शर्यतीत बक्षीस एकालाच मिळाले. परंतु लोक आजही नाव घेतात ते दोघांचे.' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निमुळता, मुभा, प्रतिस्पर्धी, वाटाड्या, सुखरूप.
७. खेळात किंवा स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला मदत केल्याचा, तुम्ही पाहिलेला अथवा ऐकलेला एखादा प्रसंग दहा-बारा ओळींत लिहा.